मातीच्या भिंतीवर सिमेंट

प्रेमदास मिस्त्रीचं घर वर्ध्याकडच्या वडनेरला आणि काम अलिबागकडे, समुद्राच्या काठाला. दिवाळी झाली की तो निघायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. तिकडे जुनी घरं दुरुस्त करणाऱ्या धनंजय नावाच्या ठेकेदाराकडे तो बरीच वर्षं होता. खाऱ्या हवेनं भिंतींना मिठाचा लोणा लागायचा, पापुद्रे सुटायचे. ते खरवडून काढायचे, आतलं सडलेलं उकरायचं आणि वर चुन्याचा गिलावा चढवायचा, हे त्याचं काम. घरमालकांना घाई असली की ते म्हणायचे, सिमेंट मारून टाका. मग धनंजय प्रेमदासला पुढे करायचा.

"जुनी भिंत जमिनीतून पाणी ओढते," प्रेमदास सांगायचा. "चुन्यातून ते बाहेर निघून जाते. सिमेंट मारलं की पाणी आतच राह्यते आणि भिंत पोटातून सडते. वरून पाहाल तर झकास दिसंल."

हे तो इतक्यांदा बोलला होता की शब्द पाठ झाले होते.

यंदा काम लांबलं आणि ऑगस्ट उजाडला तरी तो तिकडेच होता. परातीत चुना कालवत असताना बायकोचा, पौर्णिमाचा फोन आला. ती रडत होती. मागच्या खोलीची भिंत पडली, सासूबाई तिच्याखाली सापडल्या, शेजाऱ्यांनी ओढून काढलं, वर्ध्याला दवाखान्यात नेतोय, एवढंच तिला सांगता आलं. प्रेमदासनं हात तसेच पँटला पुसले. त्या खोलीची कोणती भिंत ते त्यानं विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं.

ती भिंत त्यानंच मागच्या दिवाळीत केली होती. घर आजोबांच्या वेळचं, विटा कच्च्या, जोडाई मातीची. मागच्या भिंतीला बुडापासून ओल चढली होती आणि कमलाबाई, त्याची आई, रोज पोपडे झाडून कंटाळली होती. नीट करायचं तर भिंत उकरून, वाळवून, पुन्हा माती-चुन्यानं लिंपायला हवी होती. धनंजयचे फोनवर फोन येत होते. प्रेमदासनं सिमेंट आणलं, आतून-बाहेरून गुळगुळीत प्लास्टर ओढलं, वर पिवळा रंग मारला आणि चौथ्या दिवशी रेल्वेत बसला. पुढच्या वर्षी उकरून नीट करू, असं त्यानं मनाशी म्हटलं होतं. कमलाबाईनं तेव्हा शेजारणींना बोलावून भिंत दाखवली होती. "माह्या पोराचा हात पाहा!"

वर्ध्याच्या दवाखान्यात पोहोचला तेव्हा आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. चेहरा सुजला होता. मुलगी मोनाली वर्ध्यातच नर्सिंग शिकत होती, ती आजीच्या उशाशी बसली होती. पौर्णिमा बाहेर व्हरांड्यात, पायरीवर. तो जवळ गेला तरी तिनं वर पाहिलं नाही.

प्रेमदासचे मोठे काका, अण्णाजी, तिथेच होते. ते म्हणाले, "काय सांगू बाप्पा. न्हाणीचं पाणी भिंतीच्या बुडाशीच जाये. तुह्या मायनं किती खेपा सांगतलं सुनेले, नाली साफ ठेव म्हणून. ऐकलं नाई. मुरलं पाणी, अन् आली भिंत खाली."

प्रेमदासनं तोंड उघडलं. मग व्हरांड्यात बसलेले गावचे दोघं-तिघं त्याच्याकडे पाहत आहेत हे त्याच्या लक्षात आलं. "मिस्त्री, तुमी होते म्हणून भिंत एवढी तरी टिकली," त्यातला एक म्हणाला.

प्रेमदासनं होकारार्थी मान हलवली. त्या मान हलवण्याची आठवण त्याला पुढे जेवतानासुद्धा यायची.

आईला गावी आणलं. अंकुश नावाच्या शेजाऱ्यानं आपली पुढची खोली दिली, कारण मागची खोली उघडी पडली होती आणि उरलेल्या भिंतीचा भरवसा नव्हता. पौर्णिमा सासूचं सगळं करत होती. अंग पुसणं, कूस बदलणं, घास भरवणं. कमलाबाई सरळ भांडली नाही. पण कूस बदलताना कळ आली की डोळे मिटून म्हणायची, "तुले सांगतलं होतं, पौर्णिमा. त्या नालीचं सांगतलं होतं."

"हो आत्याबाई," पौर्णिमा म्हणायची. "चुकलं माह्यं."

ती आता आंघोळीचं पाणी बादलीत धरून लांब बोरीच्या झाडाशी नेऊन ओतायची. बुद्धविहारात जाणं तिनं सोडलं होतं, कारण बायका खुब्याची चौकशी करता करता नालीवर यायच्या. प्रेमदास हे सगळं बघत होता. एकदा ती बादली घेऊन निघाली तेव्हा तो म्हणाला, "राहू दे, मी नेतो." ती म्हणाली, "नको. मले सवय लागू द्या." तो बाजूला झाला.

पावसानं उघडीप दिल्यावर त्यानं उरलेली भिंत पाडायला घेतली. पौर्णिमा टोपल्यात माती भरून देत होती. सिमेंटचा थर एकसंध सुटून आला, पाटासारखा. त्याच्या मागची माती नुकती मळल्यासारखी ओली होती. बुडाशी ओली, कमरेच्या वर ओली आणि जिथे पौर्णिमाचा हात कसाबसा पोहोचत होता तिथेही ओली.

तिनं ती माती बोटांनी दाबून पाहिली. मग ती भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथंही दाबून पाहिली.

"इकडं तर न्हाणी नाईच," ती म्हणाली. "इकडं पाणी कुठून आलं?"

प्रेमदास घणाचा दांडा धरून उभा राहिला. "छपरातून झिरपलं असंल," तो म्हणाला.

तिनं वर छपराच्या कवेलूंकडे पाहिलं, मान डोलावली आणि टोपलं उचललं. नवरा मिस्त्री, त्यानं सांगितलं ते खरं.

मागे दवाखान्यात तो नुसता गप्प राहिला होता. आज त्यानं खोटं सांगितलं. दुपारी भाकर समोर आली तरी त्याला ती मोडवेना. आईचं वय, धनंजयची घाई, घरातली अडचण, अशी सगळी कारणं त्यानं मनात फिरवून पाहिली. पण माहीत नव्हतं हे एकच कारण त्याला देता येत नव्हतं.

पौर्णिमा अंगणात नव्या भिंतीसाठी मातीचा गारा तुडवत होती. पातळ वर धरून, पायांनी माती आणि भुसा एकजीव करत. तो जाऊन समोर उभा राहिला.

"छपरातून नाई आलं पाणी," तो म्हणाला. "न्हाणीचंही नाई."

तिचे पाय चालूच होते. "मंग?"

"म्या सिमेंट मारलं म्हणून. मातीच्या भिंतीवर ते मारू नाई. आत पाणी कोंडते. भिंत सडत गेली अन् आपल्याले दिसली नाई. नालीनं थोडंसं झालं असंल, पण पडली ते माह्या प्लास्टरनं."

तिचे पाय थांबले.

"तुमाले कधी समजलं? आता?"

"नाई."

"दवाखान्यात माहीत होतं?"

"हो."

"अन् सिमेंट मारलं तवा?"

त्यानं चिखलात रुतलेल्या तिच्या पायांकडे पाहिलं.

"तवाही माहीत होतं," ती सावकाश म्हणाली. ती चिखलातून बाहेर आली नाही. "मी रोज त्यायचे पाय धरून राह्यली. मले वाटे, माह्या हातून सासू मरता मरता वाचली. अन् तुमी पाहून राह्यले."

"पौर्णिमा, माह्यी चूक..."

"मले सांगून काय होते? मी काय बोल लावलं होतं तुमाले? ज्यायनं मले लावलं त्यायले सांगा. मायले सांगा. अण्णाजीले सांगा. माह्यासमोर सांगा."

त्याच संध्याकाळी अण्णाजी कमलाबाईला बघायला आले, तेव्हा प्रेमदासनं पौर्णिमाला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली, पाय तसेच मातीनं माखलेले. प्रेमदासनं सगळं सांगितलं. अगदी दिवाळीपासूनचं सांगितलं.

अण्णाजी हसल्यासारखं करून म्हणाले, "अरे जाऊ दे. घरातलं घरात ठेव. मिस्त्रीनं असं बोलू नाई, उद्या काम कोण देईन तुले?"

"अण्णाजी, तुमी गावभर नालीचं सांगतलं," प्रेमदास म्हणाला. "आता हे सांगा."

अण्णाजी टोपी डोक्यावर ठेवून उठून गेले. त्यांनी कुणाला काही सांगितलं असेल असं प्रेमदासला वाटलं नाही.

कमलाबाई छताकडे बघत पडली होती. पोरानं आपल्या पाठीशी सडकी भिंत झाकून ठेवली, याचं तिला किती लागलं हे तिनं कधीच दाखवलं नाही. ती म्हणाली, "पौर्णिमा, इकडं ये." पौर्णिमा गेली. म्हातारीनं तिचा हात धरला आणि पलंगावर ठेवून घेतला. "म्या रोज बोलली तुले. काऊन नाई म्हणलं, की मी नाई केलं?"

"मलेच वाटे की म्याच केलं," पौर्णिमा म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला मोठ्यानं रडू आलं. प्रेमदास तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाला. तिनं तो हात काढून टाकला.

दिवाळी झाली तरी या वर्षी तो अलिबागला गेला नाही. धनंजयला त्यानं फोनवर खरं कारण सांगितलं. पलीकडून "ये तुला जमेल तेव्हा" एवढंच आलं. मागची भिंत त्यानं मातीनं उभी केली आणि वाळायला मुबलक वेळ देऊन चुन्यानं लिंपली. पौर्णिमानं मदत केली, पण कामापुरतंच बोलली.

भिंत झाली तरी त्याला स्वस्थ बसवेना. आधीच्या सुट्यांत गावातल्या ओळखीच्यांच्याही मातीच्या भिंती त्यानं सिमेंटनं झाकून दिल्या होत्या. अशी तीन घरं होती. तो तिन्हीकडे गेला. अंकुशनं लगेच आपल्या मागच्या भिंतीचं प्लास्टर काढू दिलं. आत ओल होती, पण भिंत वाचण्यासारखी होती. दुसऱ्या घरी त्यांनी त्याला बरंच सुनावलं आणि मग काम करू दिलं. तिसरे मधुकरराव. ते आपल्या चकचकीत भिंतीला पाठ टेकून बाजेवर बसले होते.

"पडली का माही भिंत? नाई ना? मंग तिले हात लावू नको."

प्रेमदास पुन्हा गेला, आणखी एकदा गेला. शेवटच्या खेपेला मधुकररावांनी दार उघडलंच नाही. तो परत येऊन अंगणात बसला. कमलाबाई वॉकर धरून दारापर्यंत आली होती, एक पाय ओढत. पौर्णिमा तांदूळ निवडत होती.

"नाई ऐकत?" तिनं विचारलं.

"नाई."

तिनं सूप खाली ठेवलं, पदर नीट केला आणि चपला पायात घातल्या. "चाला," ती म्हणाली. "त्यायची बायको माह्यासोबत पऱ्हाटीतला कापूस वेचाले असते. तिले मी सांगते. त्यायची बाज तरी आधी हालवू त्या भिंतीपासून."

दोघं निघाली. ती पुढे चालत होती. तो दोन पावलं मागे.