पाटीच्या बुडाचे दगड

‘या स्थळावरील दगड हलवू नयेत’ अशी नवीकोरी निळी पाटी माळावर उभी आहे. खांब डुगडुगू नये म्हणून त्याच्या बुडाशी पाच मोठे दगड ठोकून बसवलेत. ते पाचही शेजारच्या दगडांच्या वर्तुळातून उचललेले आहेत. मी कपाळावर हात मारून घेतला. चिडायचं तरी कुणावर? पाटी लावणारे केव्हाच निघून गेले होते.

या बारा घरांच्या वस्तीभोवती अशी दगडांची कितीतरी वर्तुळं आहेत. प्रत्येकाच्या पोटात हजारो वर्षांपूर्वीचं कुणीतरी निजलेलं आहे. त्याचं नाव उरलं नाही, भाषाही नाही. आमचा माणूस इथे आहे, एवढंच सांगायला त्याच्या लोकांनी हे दगड कुठून कुठून ओढत आणले असतील. ते सांगणं इतकी वर्षं टिकलं ते बहुधा इथे पाटी नव्हती म्हणूनच.

पलीकडच्या वावरात अनसूयाबाई तण निंदत होत्या. त्यांच्याही वावरात एक वर्तुळ आहे. सासरे त्याला वळसा घालून वखर न्यायचे, आता मुलगा ट्रॅक्टर तसाच वळवतो.

"मावशी, दगड उचलताना तुम्ही त्यांना अडवलं नाही?" मी जरा तावातच विचारलं.

"अडवलं न जी! म्हटलं, कोणाच्या तरी घराचे गोटे हायेत, राहू द्या." त्यांनी विळा खाली ठेवला. "तर तो पाटीवाला मले म्हणे, आजी, वाचता येते का तुले?"