देवाला वाट बघता येते

मुळेकाका गेल्याचा नलूकाकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये सावलीची जागा शोधत होते. ॲरिझोनातल्या चँडलरच्या उन्हाळ्यात ती सकाळपासूनच शोधावी लागते. "अगं, काका गेले," एवढंच काकू म्हणाल्या. आणि जरा थांबून, "तू आधी गाडी नीट लाव..." पक्षाघाताचा झटका, थोडे दिवस हॉस्पिटल, आणि संपलं. आता काही आठवडे उलटलेत. शोकसभेत सगळे भरभरून बोलले. चिप बनवणारा इंजिनिअर, आणि सुट्टीच्या दिवशी आपला गुरुजी. ते सगळं खरंच आहे. पण शेवटच्या वर्षांत एक गोष्ट काकांना आतून कुरतडत होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर घडली होती. तिच्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

काका गंगाखेडच्या भिक्षुक घराण्यातले. मुंज झाल्याबरोबर वडिलांनी मंत्रांची संथा द्यायला सुरुवात केली, आणि कंटाळलेला मुलगा जो पळाला तो इंजिनिअर होऊन थेट ॲरिझोनात पोचला. इथे कुणाचे तरी वडील भेटीला आलेले असताना वारले. मंत्र सांगणारं कुणी नव्हतं. काकांनी आठवेल तसे सांगितले, आणि ज्या भिक्षुकीपासून पळाले होते ती तिथून पुढे त्यांना कायमची चिकटली. मग सत्यनारायण, वास्तुशांत, मुंजी, लग्नं. गावाकडे शुभकार्याचा गुरुजी अंत्यसंस्काराला बसत नाही, पण इथे दुसरं होतं कोण! मी पुण्याहून नवीन आले तेव्हा ते माझे मॅनेजर होते. चिपवर धुळीचा कण बसू नये म्हणून आठवडाभर डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये बंद झालेले काका शनिवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये सोवळं नेसून बसलेले दिसायचे. "दोन्हीकडे सोवळंच की गं," म्हणायचे. "इकडे फक्त गॉगल घालावा लागतो." आणि संध्याकाळी हेच गृहस्थ टीव्हीसमोर मांडी घालून अंतराळयानांच्या मालिका बघत, शास्त्र चुकलं की पडद्याशी भांडत.

त्यामुळे एका मालिकेच्या लोकांनी देवळात चौकशी केली आणि कुणीतरी काकांचं नाव सुचवलं, तेव्हा त्यांचा आनंद लहान मुलासारखा होता. फिनिक्सपासून दोनेक तासांवरच्या वाळवंटात परग्रहावरच्या एका वस्तीचं चित्रीकरण होणार होतं. त्या वस्तीतला म्हातारा पुजारी हवा होता, मंत्र खणखणीत म्हणणारा. गोष्ट साधी होती. वर्षातून एकदा रात्रभर एका ज्योतीपाशी बसायचं, उठायचं नाही, असा त्या पुजाऱ्याचा नेम. नेमक्या त्याच वेळी वस्तीला हवा पुरवणारं यंत्र बंद पडतं, आणि ते चालू करणं त्यालाच माहीत असतं. मूळ कथेत तो डोळे मिटून बसूनच राहतो आणि एक तरुण अधिकारी त्याला खडसावतो. काकांना हे अजिबात पटलं नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी दिग्दर्शकाला सांगितलं, "असा पुजारी मी पाहिलेला नाही. माझे वडील श्राद्धाच्या पानावरून उठून शेजारच्या बाळंतिणीसाठी बैलगाडी जुंपायला गेले होते. खरा माणूस उठेल, आणि उठताना त्याला त्रास होईल." दिग्दर्शकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवट बदलला. काकांना एक वाक्यही मिळालं. इंग्रजीतच, पण अर्थ त्यांचा होता : देवाला वाट बघता येते, माणसाला नाही.

चित्रीकरण शुक्रवारी होतं. त्याच आठवड्यात आमच्यातला निखिल गेला. नागपूरचा मुलगा, बॅडमिंटन खेळता खेळता कोसळला. मागे बायको, लहानगी मुलगी, आणि नुकतीच भेटीला आलेली आई. काका बातमी कळताच त्यांच्या घरी गेले होते. आईंसमोर खाली बसून म्हणाले, "शनिवारी मी सगळं करतो. विधीची काळजी तुम्ही करू नका." त्या माउलीने नुसती मान हलवली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काका हायवेवर गाडी चालवत नसत, म्हणून शुक्रवारी मी सुट्टी घेऊन त्यांना नेलं. भगवी नव्हे, राखाडी वस्त्रं, कपाळावर निळी रेघ... मला हसू आवरेना. दुपारी जेवणाच्या तंबूत माझा फोन वाजला. निखिलच्या मित्राचा होता. स्मशानगृहाची शनिवारची वेळ रद्द झाली होती. आज चार वाजताची मिळत होती, नाहीतर थेट पुढचा आठवडा. निखिलच्या बायकोची आता थांबायची ताकद नव्हती, त्यांनी आजची घेतली होती. "काकांना आण यार, प्लीज."

मी धावत जाऊन सांगितलं. "काका, आत्ता निघालो तर पोचतो."

ते उठून उभे राहिले. तेवढ्यात चित्रीकरणाची व्यवस्था बघणारी मुलगी आली. तिला सगळं सांगितलं. ती अरेरावी करणारी नव्हती, तिचे डोळेच भरून आले. पण ती म्हणाली, की ही जागा आजच्याच दिवसापुरती मिळाली आहे आणि तुमचा प्रसंग पहिला घेते, तासाभरात सोडते. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग उन्हात ताटकळलेल्या माणसांकडे, मग त्या ज्योतीकडे.

"मी यांनाही हो म्हटलंय गं," मला म्हणाले. "तासाभराचाच प्रश्न आहे. तू तोवर दुसऱ्या गुरुजींना फोन लावून बघ."

दुसरे गुरुजी टेक्सासला गेले होते. तासाचे दोन झाले. कॅमेऱ्यासमोर काका ज्योतीजवळून उठले आणि ते वाक्य इतक्या कळकळीने म्हणाले, की कुणी हलेना. मला मात्र ते ऐकवेना. परतीच्या वाटेवर काका कपाळावरची निळी रेघ नुसती ओल्या रुमालाने पुसत राहिले.

आम्ही पोचलो तेव्हा लोक बाहेर पडून गाड्यांकडे निघाले होते. निखिलची आई गाडीत पुढच्या सीटवर बसली होती, दार उघडं होतं. काका तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"झालं सगळं," तीच म्हणाली. आवाजात राग नव्हता. "त्याच्या मित्रांनी फोनवर मंत्र लावले. छान स्पष्ट ऐकू येत होते. मध्येच एक जाहिरात लागली तेवढी... गादीची. मग पुन्हा सुरू झाले."

काका तसेच उभे राहिले. गाडी निघून गेली तरी.

त्यानंतर त्यांनी लग्नं-मुंजी सोडल्या. "त्याला आता तरुण गुरुजी आहेत," म्हणायचे. फक्त कुणी गेलं की जायचे, कुठेही, कधीही. तो भाग दाखवला गेला तेव्हा ओळखीतल्या सगळ्यांनी पाहिला, काकांनी पाहिला नाही. टीव्हीवरच्या त्या मालिका बघणंही त्यांनी बंद केलं. निखिलची आई नागपूरला परतली. दर वर्षी निखिलच्या श्राद्धाला काका तिला फोन करायचे, ती त्यांच्याशी गोड बोलायची, आणि फोन ठेवल्यावर काका जेवायचे नाहीत, असं काकू सांगत.

एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, तुम्ही तिकडेही शब्द दिला होता. केवढी माणसं खोळंबली असती. तुमचं काय चुकलं?"

"शब्द दोन्हीकडे होता, खरं आहे," काका म्हणाले. "पण शब्दासाठी थांबलो असतो ना, तर मला झोप लागली असती. मला तो सीन करायचा होता गं. आयुष्यात एकदा, टीव्हीवर... आणि मी त्याला कर्तव्य म्हटलं."

त्या आईला हे कळलं असतं तर ती काय म्हणाली असती, कोण जाणे. तिला सांगायचं काकांच्या मनात होतं. नागपूरला जायचं त्यांनी कितीदा ठरवलं, आणि दर वेळी इथे कुणीतरी गेलेलं असायचं.

शोकसभेत मालिकेतला तो भाग दाखवूया असं इथल्या मराठी मंडळाचं म्हणणं होतं. काकूंनी नको म्हटलं. पण दूर हर्नडनहून आलेली त्यांची लेक परत गेल्यावर मागच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. "लाव आता. मी पण नाही पाहिलेला. ते बघत नव्हते, मग मी कशी बघणार?"

आम्ही दोघींनी बघितला. पडद्यावर काका ज्योतीजवळून उठतात, उठताना उजव्या गुडघ्यावर तळहात दाबतात. "हे ॲक्टिंग नाही हो," काकू म्हणाल्या. "तो गुडघा खरंच दुखायचा." पुढचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात दिवाणखान्यातल्या टेबलावर काकांचा मोबाइल वाजला. काकूंनी तो अजून बंद केलेला नाही, रोज चार्ज करतात. पलीकडे शेजारच्या मेसा गावाहून कुणीतरी अनोळखी मुलगा होता. त्याचे वडील सकाळी गेले होते, कुणीतरी हा नंबर दिला होता.

"ते नाहीत रे बाळा... ते पण गेले," काकू म्हणाल्या. मी तरुण गुरुजींचा नंबर कागदावर लिहून पुढे केला. काकूंनी तो सावकाश वाचून दाखवला. मग फोन ठेवायच्या ऐवजी तसाच कानाशी धरून म्हणाल्या, "तुझी आई आहे ना घरी? एकटीच आहे? पत्ता सांग मला. मंत्र मला येत नाहीत, पण तिच्याजवळ बसायला येते."

आणि चप्पल शोधू लागल्या.