पार्वताबाईंचा पितळी पेला

पार्वताबाई गेल्याची बातमी घेऊन सुमन आमच्या अमरावतीच्या घरी आली, तेव्हा माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. त्यात तिचा दोष नव्हता. बाईंनीच मागे एकदा शाळा बंद होणार अशी आवई स्वतः उठवून दिली होती, आणि कोण धावत येतं, कोण सुटलो म्हणून घरी बसतं, ते शाळेच्या दारात खुर्ची टाकून पाहिलं होतं. मी धावत गेलेल्यांपैकी होतो. "आले, बरं झालं," बाई म्हणाल्या होत्या, "पन तुमाले धाडलं कोनी?" एवढा अनुभव गाठीशी असल्यावर मी दारातच सुमनला विचारलं, "तू स्वतः पाहिलंस?" सुमन बाईंच्याच हाताखाली शिकली आणि आता त्यांच्याच शाळेत शिकवते. तिचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "साहेब, शेवटचं पानी मीच पाजलं." मग मी बाजूला झालो आणि तिला आत घेतलं.

त्याला आता काही आठवडे झाले. मधल्या काळात बाईंवर पुष्कळ छापून आलं. माउली, करुणामूर्ती, दीनांची आई… हे वाचताना मला दुसऱ्याच कुणा बाईंविषयी वाचतोय असं वाटत राहिलं. आमच्या पार्वताबाई तायडे संशयी होत्या, अट्टल संशयी. मी शाळातपासनीस, म्हणजे संशय घेण्याचाच पगार खाणारा. आमची ओळख संशयातून झाली आणि पुढचा सगळा स्नेहही त्याच्यावरच पोसला गेला.

पहिल्यांदा मी त्यांची शाळा तपासायला गेलो तो एप्रिल महिना होता. अकोल्याला जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या बाजूला, सरकीच्या एका रिकाम्या गोदामात ही शाळा भरायची, म्हणून लोक तिला गोदामाची शाळा म्हणत. हमालांची, झाडूवाल्यांची, जिनिंगात कापूस वाहणाऱ्या बायांची पोरं. फी नाही, पाटी-पुस्तक फुकट, दुपारी भाकरी. असं काही ऐकलं की माझे कान टवकारत. धर्मादाय शाळा म्हणून मिरवणाऱ्या कितीतरी जागा मी पाहिल्या होत्या, जिथे तपासणीच्या दिवशी पोरं शेजारच्या गल्लीतून उसनी आणलेली असत. त्यावर माझी एक युक्ती होती. सगळ्या पोरांना बाहेर काढायचं आणि पुन्हा आत येऊन आपापल्या रोजच्या जागेवर बसायला सांगायचं. उसनी पोरं तिथे हमखास एकमेकांवर आदळतात. या गोदामातली पोरं बाहेर गेली, आत आली आणि कसलाही गोंधळ न करता आपापल्या गोणपाटावर बसली. यावर दुसरा एखादा तपासनीस खूश झाला असता. मला वाटलं, हे नक्की पढवून ठेवलेलं आहे.

मी हे सगळं करत असताना बाई मला पाहत होत्या. मग कोपऱ्यातल्या माठाशी बसलेल्या शांती नावाच्या मुलीला त्यांनी खूण केली. शांतीने माझ्यासमोर, पोरं ज्यातून पीत होती त्याच माठातून एका पितळी पेल्यात पाणी काढलं आणि टेबलावर ठेवलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं, मी टांगा न मिळाल्यामुळे चालत आलो होतो. एका दमात पेला रिकामा केला. बाईंनी तो उचलून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "एप्रिलात कोनीबी पेते साहेब. थंडीत या, मंग पाहू."

या बोलण्याचा अर्थ मला बाहेर पडल्यावर, पुलावर आल्यावर कळला, आणि पहिल्यांदा रागच आला. मी जुन्या वळणाच्या ब्राह्मण घरातला, हे माझ्या आडनावावरून कुणालाही कळावं. बाईंचं कुटुंब छप्पन साली बौद्ध झालेलं. शाळेत वस्तू द्यायला, पोरांना जेवू घालायला गावातली मोठी माणसं येत. बाप गेला म्हणून, मुलगा झाला म्हणून, कोर्टात निकाल बाजूने लागला म्हणून. प्रत्येकापुढे तो पेला यायचा. कुणाचा आत्ताच चहा झालेला असे, कुणाला उपास असे, कुणाच्या पोटात नेमकं तेव्हाच बरं नसे. पेला भरलेला राहिला की बाई हात जोडत आणि लाडवांचं टोपलं दारातूनच परत पाठवत. पोरांची तोंडं पाहवत नसत. मी एकदा तसं म्हणालो तर बाई उसळल्या. "आमचं पानी त्याच्या गळ्याखाली उतरत नाई, त्याचे लाडू आमच्या लेकरायनं कावून खावं?"

गोदामाच्या भिंतीवर त्यांनी एकही तसबीर लावलेली नव्हती. बाबासाहेबांचीसुद्धा नाही, आणि बाबासाहेबांचं नाव काढलं की बाईंचा आवाज बदलायचा. मी कारण विचारलं. "फोटो पाह्यला का येनारा मानूस सावध होते, गोड बोलते. मले तो हाय तसाच पाह्यचा हाय." हे मला पटलं. मीही शाळेला तपासणीची आगाऊ सूचना देत नसे.

त्या वर्षी मी थंडीत गेलो. पौषातली सकाळ, माठातलं पाणी बर्फासारखं. दात ठणकेपर्यंत प्यालो. बाईंनी पेल्यात डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "बसा." त्यानंतर मी अधूनमधून काम नसतानाही जाऊ लागलो. मी पोरांसाठी नकाशे नेले तर ते कुठल्या शाळेचे काढून आणले, असं त्या विचारत. मला त्यांचा सहवास आवडायचा, हे सरळच सांगतो. खात्यात दिवसभर खोटं गोड ऐकून आल्यावर तिथे बरं वाटायचं.

मग तो होळीच्या सुमाराचा दिवस आला. गोदामाचा मालक व्यापारी. त्याला सरकी भरायला जागा हवी होती आणि उन्हाळ्यात गोदाम रिकामं करा म्हणून त्याने सांगून टाकलं होतं. जागा नाही तर मान्यता नाही, आणि तसा शेरा लिहायचा होता तो मलाच. मान्यता गेली की पोरं पांगणार, मुलगे हमालीला आणि मुली जिनिंगात, हे आम्हा दोघांना दिसत होतं. बाईंनी अर्धं अकोला पालथं घातलं. शेड आहे म्हणणारे पुष्कळ निघाले, पण कुणाची पोरं ते कळलं की शेडला कुलूप लागायचं.

अशात एक गृहस्थ आपणहून आले. मी तिथेच होतो. धुवट धोतर, काळा कोट, टोपी, हातात चांदीच्या मुठीची काठी. नाव सांगितलं दौलतराव, गाव परतवाडा. अकोटच्या रस्त्याला आपलं टिनाचं मोठं गोदाम आहे, ते शाळेला द्यायचं आहे, भाडं नको, नाव नको. बाईंनी खूण केली, शांतीने पेला आणून ठेवला. दौलतराव पेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही हात जोडले आणि हळूच म्हणाले, "राहू द्या, बाई." बोलणं पुढे चाललं, पेला तसाच. शेवटी बाई उठल्या. "तुमची जागा तुमच्यापाशीच राहू द्या." त्या माणसाचा चेहरा उतरला. तो काठी टेकत निघून गेला.

मी बाईंना अडवलं नाही, कारण माझ्या मनात वेगळीच शंका होती. परतवाड्याचा माणूस अकोल्यातली जागा फुकट का देईल? तंट्याची असेल, पोरांना बसवून ताबा दाखवायचा असेल. मी ते गोदाम बाहेरून पाहूनही आलो. कुलूप होतं, आणि फटींतून एक उग्र वास येत होता. इथे काहीतरी लपवण्याजोगं आहे, अशी माझी खात्रीच झाली. आम्ही दोघांनी मिळून त्या माणसाला खोटा ठरवून टाकला.

उन्हाळा सरता सरता माझा दौरा परतवाड्याला निघाला. आपली शंका खरी ठरवून घ्यावी म्हणून मी बाजारात एका दुकानदाराला दौलतरावांविषयी विचारलं. "कोन, कातड्यावाले? मानूस सोन्याचा हाय," तो म्हणाला, आणि गल्लीचा रस्ता दाखवताना आपण त्यांच्या ओट्याच्या वर कधी चढलो नाही, हेही त्याने सहज सांगितलं. मी गेलो. दौलतरावांनी मला ओसरीवर बसवलं, आत कुणाला हाक मारली नाही, आणि गड्याला हॉटेलातून चहा आणायला पिटाळलं. चहा हॉटेलच्या कपात आला. तो कप हातात घेतला आणि मला काहीतरी कळू लागलं. मी विचारलं, "त्या दिवशी बाईंकडे पाणी का नाही घेतलंत?"

ते काठीची मूठ चोळत म्हणाले, "साहेब, माह्या दुकानी लोक माल घेतात, पैसे घेतात… पानी कोनी घेत नाई. त्या बाई पांढऱ्या लुगड्यातल्या, चष्मेवाल्या, बाजूले तुमच्यासारखा साहेब बसेल व्हता. मले वाटलं, मोठ्या घरच्या असतीन. सांगून पेलो असतो तं जागा घेतली नसती. न सांगता पेलो असतो तं त्यायचा पेला बाटवल्यासारखं झालं असतं. म्हनून म्हटलं, राहू द्या."

अकोल्याला परतल्याबरोबर मी हे बाईंना सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला होता. "तुमाले खरं कशावरून वाटते?" मी हॉटेलच्या कपाचं सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. "देनारा आला म्हनजे तो वरचाच असनार… असं मीच धरून बसली व्हती साहेब. मी!" त्या कोऱ्या भिंतींकडे पाहत होत्या. एक तसबीर असती तर त्या माणसाने ओळखलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.ने परतवाड्याला गेलो. दौलतराव गडबडले आणि पुन्हा गड्याला हॉटेलात धाडू लागले. बाई म्हणाल्या, "हॉटेलातलं नको. घरातलं पानी द्या." दौलतराव हलले नाहीत. त्यांनी बाईंना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "जागा पायजे म्हनून पेता का बाई?" मी खाली पाहिलं. मला माझा एप्रिल आठवला.

"जागा तं पायजेच," बाई म्हणाल्या. "पन पयले मी कोन ते सांगते. माहा बाप गावची मेली ढोरं ओढे. कातडं सोलून तुमच्यासारख्याच एका दुकानी नेऊन टाके. मी त्याच्यासंगं पायरीवर बसत जाओ. ही पायरी मले नवी नाई."

आतून तांब्या आला. बाई घटाघटा प्यायल्या. दौलतरावांचे डोळे भरून आले होते. "मंग त्या दिशी कावून नाई सांगतलं?"

"तुमी तरी कुठं सांगतलं?"

इथे सगळं गोड झालं असतं तर बरं होतं. पण दौलतरावांनी नकारानंतर ते गोदाम मोसमापुरतं एका कापूसवाल्याला देऊन टाकलं होतं. दिला शब्द त्यांना मोडता येईना, आणि बाईंनीही मोडू दिला नाही. शाळा पुढच्या उन्हाळ्यात तिथे गेली आणि आजही तिथेच आहे. मधलं वर्ष कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या पडवीत गेलं. मी शेरा लिहायला वर्षभर वेळ लावला. सरकारी दिरंगाईचा कुणालाही संशय येत नाही. तरीही त्या पावसाळ्यात काही पोरं सुटली ती सुटलीच. त्यात माठाजवळची शांती होती, तोंडी हिशेबात साऱ्या शाळेत पहिली. ती जिनिंगात गेली आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न करून टाकलं. बाई तिच्या घरी किती वेळा गेल्या, पण बापाने दारात उभं केलं नाही. "शांतीची जागा माह्या पेल्यानं खाल्ली," असं त्या मला म्हणाल्या, आणि हे दुःख त्यांनी शेवटपर्यंत उराशी धरलं.

नव्या जागेत गेल्यावर भिंतीवर बाबासाहेब आले. पेला मात्र गेला नाही. संशयही गेला नाही, तो गेला असता तर त्या पार्वताबाई राहिल्या नसत्या. पण पद्धत बदलली. पाहुणा आला की बाई आधी आपण कोण, पोरं कोणाची, ते सांगायच्या. मग त्याच माठातलं पाणी त्याच्यासमोर स्वतः प्यायच्या, आणि मग पेला विसळून, भरून त्याच्यापुढे ठेवायच्या. आणि मग, अर्थात, नजर पेल्यावर.

परवा मी शाळेत जाऊन आलो. टिनाला अजूनही दमट दिवशी कातड्याचा वास येतो, पोरांना त्याचं काही वाटत नाही. बाईंच्या खोलीत त्यांची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. मी सुमनला इतके दिवस मनात घोळणारा प्रश्न विचारला. शेवटी बाई काही बोलल्या का?

सुमन म्हणाली, "पेला तोंडाशी नेला तं डोळे उघडून माह्याकडं पाह्यलं साहेब. म्हने… तू पेली का अगुदर?"

"मग?"

"मी एक घोट पेली. मंग त्यायनं घेतलं."

थोड्या वेळाने ती उठली, माठातून पाणी काढून स्वतः प्यायली, पेला विसळला, भरला आणि माझ्यापुढे ठेवला. सकाळची वेळ, कडाक्याची थंडी, मला तहान अजिबात नव्हती. मी पेला तळापर्यंत रिकामा केला. सुमनने तो उचलला, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "बसा, साहेब."