ताईंची गाडी आणि फाटकाचा खांब

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकं सावकाश, आणि तरीही इतक्या ऐटीत, नाशिकमध्ये आजवर कोणीही कुठेही पोचलेलं नाही. मी त्यांना ताई म्हणते. उभी नोकरी त्यांनी मनमाडला रेल्वेच्या तिकीट खिडकीत काढली. भाऊजी गेल्यावर आणि निवृत्ती झाल्यावर त्या गंगापूर रोडच्या आमच्या घरी, खालच्या मजल्यावर राहायला आल्या, त्या स्वतःची मोटार स्वतः चालवत. ती मोटार त्यांच्या वडिलांची. फिकट हिरवी, सगळीकडून गोलाकार, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला. निघण्याआधी पाणी, तेल, ब्रेक आणि देव, याच क्रमानं सगळं तपासायचं. पहिला गिअर पडेपर्यंत कोणी बोलायचं नाही. डावीकडचा इंडिकेटर कधीच गेलेला, म्हणून डाव्या बाजूला बसणाऱ्यानं वळताना हात बाहेर काढायचा. मागे बसणाऱ्याच्या मांडीवर पाण्याचा कॅन, कारण चढाला इंजिन तापतं. त्या गाडीत प्रवासी असा कोणी नसायचाच, सगळे कर्मचारी.

वेग पस्तीसच्या वर नाही. मागून कोणी हॉर्नवर हॉर्न मारला की ताई आरशात बघून शांतपणे म्हणायच्या, "एवढी घाई होती तर काल निघायचं." एकदा कॉलेज रोडच्या सिग्नलला गाडी बंद पडली. हिरवा लागला, लाल झाला, पुन्हा हिरवा लागला. ताई खाली उतरल्या, बॉनेट उघडलं, अंबाड्यातला आकडा काढून आत काहीतरी खरवडलं आणि तो पुसून पुन्हा अंबाड्यात खोचला. तोवर वाहतूक पोलीस आला. "आजी, लय जुनी झाली हो गाडी. काढून टाका." ताई म्हणाल्या, "मीही जुनीच आहे. जरा मागून हात लावता का?" आणि त्यानं खरंच, शिट्टी तोंडात धरून, गाडी ढकलली. चार माणसं हसत होती, दोघं फोनवर चित्रीकरण करत होते. मी मात्र पदर कपाळावर ओढून सीटवरून इतकी खाली घसरले होते, की बाहेरून गाडी रिकामीच दिसली असेल. तेवढ्यात ऑफिसातली एक मैत्रीण दिसली, म्हणून मी चप्पल शोधायच्या निमित्तानं पार वाकले. ताईंनी ते पाहिलं. त्यानंतर त्या मला ऑफिसच्या अलीकडच्या गल्लीत सोडू लागल्या. म्हणायच्या, "इथून तुला सावली आहे."

आणि आता जे सांगायचं ते मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. त्या गाडीला घरात सगळ्यांत जास्त नावं मी ठेवायची, आणि ती चालवून बघायची सगळ्यांत जास्त हौसही मलाच होती. साधी गाडी मला येत होती; विचारलं असतं तर ताईंनी हीही आनंदानं शेजारी बसून शिकवली असती. पण इतकी थट्टा केल्यावर विचारणार कोणत्या तोंडानं? एका दुपारी त्या झोपल्या होत्या. मी खिळ्यावरची किल्ली काढली आणि गाडी घेऊन सोमेश्वरपर्यंत जाऊन आले. परतताना फाटकातून आत घेताना अंदाज चुकला आणि डावा मडगार्ड खांबावर आपटला. दिवा फुटला. मी काचा गोळा केल्या, गाडी जागेवर लावली आणि किल्ली खिळ्याला अडकवली.

संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं ते पाहिलं आणि सरळ पुण्याला पुतण्याला, म्हणजे ताईंच्या मुलाला, फोन लावला. तो स्पीकरवर म्हणाला, "आई, आता बास. आज खांब आहे, उद्या माणूस असेल." ताई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. दार उघडून आत डोकावल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी गॅसवरचं दूध बघायला आत गेले. गॅसवर दूध नव्हतं. आतूनच मला ऐकू आलं, "असेल रे. माझ्याच हातून लागली असेल."

महिन्याभरात इगतपुरीकडच्या एका रिसॉर्टवाल्यानं गाडी घेतली, बागेत ठेवायला, लोकांना फोटो काढता यावेत म्हणून. ती ट्रकवर चढवली तेव्हा ताई ड्रायव्हरला ब्रेक किती हळू दाबायचा ते सांगत होत्या. तो म्हणाला, "मावशी, हिला आता कोण चालवणार हाय?" त्या फक्त "हो, खरंच" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी वरच्या गॅलरीत उभी होते. तेव्हासुद्धा मी खाली उतरले नाही.

पुढे पंधरा दिवसांनी त्या ओट्यावर वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"माहीत होतं गं. सीट मागे सरकवलेली होती. माझे पाय तिथून पुरत नाहीत."

"मग बोलला का नाहीत, ताई?"

"तू सांगशील असं वाटलं. ट्रक येईपर्यंत वाटत होतं."

मी तिथेच पुतण्याला फोन करून खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "काकू, आता ती परत नाही येणार." ते मलाही कळत होतं. मी रडायला लागले, तशी ताईंनी वाटाण्यांचं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "ते राहू दे. गिअर नीट पडले का तुला?"

मग मी सांगत बसले. दुसरा गिअर कसा अडला आणि मग लोण्यासारखा पडला. दाराच्या छोट्या त्रिकोणी खिडकीतून वारा कसा थेट मानेवर येत होता. द्राक्षांच्या टेम्पोवाल्यानं सलाम कसा ठोकला, आणि मी लाजून खाली न घसरता त्याला उलट हात कसा केला. अर्ध्या तासाची फेरी, पण सांगायला मला तासभर लागला. ताई भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होत्या, आणि मधेच त्यांचा उजवा पाय किंचित दाबला जात होता. आमची गल्ली आली, घर दिसायला लागलं, मी फाटकाशी वळले.

"बास," ताई डोळे न उघडताच म्हणाल्या. "इथपर्यंतच सांग."