तीन मिनिटांत सात जेवणं

माझ्या तीन मिनिटांच्या चित्रफितीत माझे वडील सात वेळा जेवले. सातही वेळा त्यांना फार भूक लागली होती, कारण संवादात तसं लिहिलं होतं. संवाद मी लिहिले होते.

दोष माझाच. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि पहिलं वर्षभर मी वर्गात एक शब्द बोलले नव्हते. (हजेरीला 'येस सर' म्हणायचे, तेही शेजारणीला ऐकू जाईल इतकंच.) दुसऱ्या वर्षी माध्यमांच्या तासाला सरांनी एक जुनी विनोदी मालिका दाखवली, माझ्या आईबाबांच्या लहानपणीची, आणि म्हणाले, "हिच्यातल्या चुका शोधा." मला त्या धडाधड दिसायला लागल्या. नवरा अर्धी पोळी खातो, पुढच्या क्षणी पोळी अख्खी. बायको पाणी आणायला हिरव्या साडीत जाते आणि निळ्या साडीत परत येते. वरून लोंबणारा माइक तर एका भागात नवऱ्याच्या टकलाला टेकतो. मी उभी राहून चौदा चुका सांगितल्या. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या भरात मी एक वाक्य जास्तीचं बोलले, "इतकं साधं कसं कळत नाही या लोकांना?"

"छान," सर म्हणाले. "मग तुम्हीच एक जेवणाचा प्रसंग करून आणा. तीन मिनिटांचा. सोमवारी वर्ग चुका मोजेल."

पालघरच्या कॉलेजातून घरी दातिवऱ्याला येईपर्यंत एसटीत मी त्या वाक्यालाच शिव्या घालत होते. वर्षभराने तोंड उघडलं होतं, ते सोमवारी कायमचं बंद व्हायची पाळी आली होती.

आई मासे विकते. रविवारी बाजाराला जाताना तिने दोन पापलेटं घरी ठेवली. "अभ्यासाला बोंबील शोभायचा नाय," ती म्हणाली. दुपारी ती परत आली, बाबांची बोटही किनाऱ्याला होती. मी मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि बाबांना समजावलं, "तुम्ही बोटीवरून येता, 'लय भूक लागलीय' म्हणता आणि जेवता. फक्त खायचं नाही."

"जेवायचं, पण खायचं नाय?"

"घास तोंडाजवळ न्यायचा. मी थांबा म्हटलं की परत ताटात."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "उचललेला घास खाली ठेवायचा? आपल्यात असं नाय, बाय."

"पण मालिकेत असंच करतात."

"म्हणून त्याची पोळी अख्खी राहते."

मी 'थांबा' म्हणेपर्यंत ताटात पापलेटचा काटा उरला होता, कंगव्यासारखा स्वच्छ. पण तोच प्रसंग बाजूनेही घ्यायचा होता. आईने दुसरं पापलेट वाढलं. हे बोटभर मोठं होतं. तेही गेलं. शिवाय आई संवाद विसरली आणि तिने खरंच विचारलं, "जाळं फाटलेलं, त्याचं काय केलं?" बाबांनी खरंच सांगितलं. आठ मिनिटं.

पापलेट संपल्याचं कळताच शेजारची भानूकाकी तळलेले बोंबील घेऊन आली आणि बाबांच्या बाजूलाच बसली.

"काकी, तुम्ही चित्रात येताय."

"मी कुठं बोलते? मी नुसती बसते."

बोंबील संपले. चौथ्या जेवणाची आमटी बाबांच्या सदऱ्यावर सांडली. दुसरा कोरडा कपडा एकच होता, क्रिकेटच्या सामन्यात मिळालेला पिवळा टी-शर्ट, पाठीवर सात नंबर. पाचव्या जेवणापासून बाबा सात नंबरचे झाले. सहाव्याला करंदी, म्हणजे बारीक सुकी कोळंबी होती, सातव्याला अंडं. खिडकीतलं ऊन तोवर गेलं होतं. बाबांनी एक मोठी ढेकर दिली आणि तिच्याच शेपटाला म्हणाले, "लय भूक लागलीय." आईच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जी दया आली ती कुठल्याही नटीला जमली नसती.

"बाबा, तुम्ही नाही म्हणायचं ना!"

ते भिंतीला टेकले होते, पोटावर हात ठेवून. "बायच्या अभ्यासाला नाय कसा म्हणू?"

प्रत्येक जेवणातले थोडेच क्षण कामाचे निघाले. ते जोडून कशीबशी तीन मिनिटं भरली.

सोमवारी वर्गाने मोजलं. पापलेट संपतं, पुन्हा अख्खं होतं, मग त्याचे बोंबील होतात. हवेतून काकी प्रकटते. सदऱ्याचा टी-शर्ट होतो. एका घासात दुपारची संध्याकाळ होते. एकूण एकवीस चुका. सरांनी डोळे पुसत चित्रफीत दोनदा लावली. शेवटी टाळ्याही पडल्या, पण कशासाठी ते मला कळेना. मी ओढणीत तोंड खुपसून बसले होते आणि आता तिसऱ्या वर्षापर्यंत बोलायचं नाही, असं ठरवत होते.

घरी बाबांनी चित्रफीत बघायला मागितली. आईने मोबाइल हातात घेतला आणि माशाचा कल्ला उघडून बघते तशा नजरेने बघत राहिली.

"एकवीस नाय," ती म्हणाली. "बावीस."

"कुठे?"

तिने बोट ठेवलं. बाबांच्या मागे आमचं लोखंडी कपाट, कपाटाला आरसा, आरशात मी. पहिल्या जेवणापासून सातव्यापर्यंत. दोन्ही हात जोडून, तोंडाने आवाज न करता 'कमी खा, कमी खा' म्हणणारी.

"सगळ्यात चांगलं काम हिचंच हाय," बाबा म्हणाले.

मालिकेतला माइक तरी क्षणभरच लोंबतो. मी पूर्ण तीन मिनिटं होते.

रात्रभर विचार करून मी ठरवलं की दुसऱ्यांच्या चौदा सांगितल्या, तर स्वतःची एक सांगायलाच हवी. मंगळवारी हजेरी झाल्यावर मी आपणहून उभी राहिले. आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला, "सर, माझ्या चित्रफितीत एक चूक मोजायची राहिलीय."

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "माहीत आहे. बस."