दुसरा सर्व्हर कोणाला ओळखेना

पोशेऱ्याच्या रविनाला एका जागी बसवत नाही. जव्हारच्या एका आरोग्य संस्थेत ती संगणकांचं काम बघते, पण खुर्चीत कमी आणि व्हरांड्यात जास्त असते. शाळेत बाई चिडायच्या, आता संस्थेतले वरिष्ठ सुदेश सर चिडतात.

त्या सोमवारी सकाळी वीज दोनदा गेली-आली आणि सगळे रिपोर्ट ठेवणारा पहिला सर्व्हर बंद पडला तो पडलाच. रविना घाबरली नाही. याचसाठी तर तिने मागच्या आठवड्यात दोन सर्व्हर एका सामाईक नावाखाली आणले होते. एक बंद पडला की दुसऱ्याने काम उचलायचं. दुसऱ्याने उचललंही, फक्त तो कोणाला ओळखेना. ज्याने त्याने आपापला पासवर्ड टाकून बघितला. सगळ्यांना एकच उत्तर: प्रवेश नाही.

नेमकी तेव्हाच वांगणीची ठकी दारात आली. लेकीच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीचा रिपोर्ट घेऊन तिला दुपारच्या एसटीने नाशिकला मोठ्या डॉक्टरांकडे जायचं होतं.

"बाय, कागद मिळंल ना?"

"मिळेल, मावशी. बसा." रविना बोलून गेली आणि स्क्रीनकडे वळली.

"पासवर्डची तपासणीच बंद कर ना," सुदेश सर म्हणाले. "आजच्या दिवस सगळ्यांना सगळं उघडं ठेव."

मिनिटाचं काम होतं. रविनाचा हात कीबोर्डवर गेलाही. मग तिला मावसबहीण रुपी आठवली. रुपीचा असाच रिपोर्ट कोणीतरी वाचला आणि ठरलेलं लग्न मोडलं.

"नको सर. आत लोकांचे आजार आहेत. चूक माझी आहे, दुसरा सर्व्हर चालवून बघितलाच नाही मी. तासभर द्या."

तिने सर्व्हर बंद-चालू केला. व्हरांड्यात तीन फेऱ्या मारल्या. परत येऊन सामाईक नाव सोडून दुसऱ्या सर्व्हरच्या स्वतःच्या नावाने फोल्डर उघडून बघितलं. उघडलं! पुन्हा सामाईक नावाने, तर नाही.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लॉगिन करताना ओळख पटवणारं तिसरं यंत्र प्रत्येकाला सामाईक नावाची मोहोरबंद चिठ्ठी देत होतं. ती मोहोर उघडायची गुप्त किल्ली रविनाने फक्त पहिल्या सर्व्हरवर ठेवली होती; दुसऱ्याकडे त्याच्या स्वतःच्या नावाचीच तेवढी होती. दुसऱ्याच्या हाती चिठ्ठ्या येत होत्या, पण त्याला त्या वाचता येत नव्हत्या.

पहिला बंद असल्याने त्यातली किल्ली काढायची सोय नव्हती. तिने सामाईक नावाची नवी किल्ली बनवून दुसऱ्यावर चढवली.

"अजून नाहीच उघडत," सुदेश सर ओरडले.

"तुमच्याकडे जुन्या किल्लीची चिठ्ठी आहे, सर. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा."

उघडलं. रविनाने रिपोर्ट छापला, पाकिटात घालून चिकटवला आणि ठकीच्या हातात दिला.

"कोणी वाचला यो?" ठकीने हळूच विचारलं.

"इथल्या डॉक्टरांनी. आम्ही नाही."

ठकीने पाकीट पदराखाली धरलं आणि डेपोकडे जवळजवळ धावतच सुटली.

गुरुवारी पहिला सर्व्हर दुरुस्त होऊन आला. रविनाने नवी किल्ली त्याच्यावरही घातली आणि भर अकरा वाजता, सगळे कामात असताना, सांगून-सवरून तो बंद केला. कोणाचंही काम अडलं नाही.

"झालं समाधान?" सुदेश सरांनी विचारलं.

"आता याला चालू करून दुसरा बंद करते," रविना उभ्याउभ्याच म्हणाली.