गोळीनंतरचा चहा

थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची आणि त्यानंतर तासभर पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. समजायला त्यात कठीण काही नव्हतं. तरी जवळजवळ दोन वर्षं मी ती गोळी गिळून लगेच वडिलांच्या हातचा चहा पीत होतो.

बुटीबोरीच्या कारखान्याची बस मला उजाडायच्या आत गाठावी लागते. वडील कन्हानकडच्या कोळसा खाणीत होते. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण पहिल्या पाळीची जाग त्यांच्या अंगातून गेलेली नाही. आई होती तोवर त्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. ती गेल्यावर काही महिन्यांनी एका पहाटे मी स्वयंपाकघरात आलो, तर ते ओट्यापाशी उभे होते आणि उतू गेलेलं दूध फरशीवर टपकत होतं.

"पाहून काय राहिला गा? फडकं आन."

तेव्हापासून पहाटेचा चहा त्यांचा. आलं फार, साखर त्याहून फार. दिवसभरात घरात ते दुसरं काही करत नसत, आणि आम्हा बापलेकांचं दुसरं बोलणंही होत नसे. त्या एका कपाएवढ्या वेळात खाणीतला कुठला तरी जुना सोबती, गुडघे, नळाला न आलेलं पाणी, असं काहीबाही निघायचं. भरलेला कप त्यांनी पुढे सरकवला की मला नाही म्हणता येत नसे. उद्या सांगू, असं मी रोज ठरवत होतो.

इकडे माझं पोट कामातून गेलं होतं. जेवलं की फुगायचं, सकाळी साफ व्हायचं नाही. मी संडासात बसून राहायचो आणि बाहेरून वडिलांचा आवाज यायचा, "आत खाट टाकून देऊ का तुले?" बायको म्हणायची, "अजी, बस निघून जाईन, मंग मलेच बोलसान." रात्री झोपताना मी इसबगोल घ्यायचो, जेवणावर ओवा आणि काळं मीठ चघळायचो. पहाटेच्या गोड चहानं जळजळ व्हायची, म्हणून त्यावर लगेच औषधाच्या दुकानातलं ॲसिडिटीचं गुलाबी सिरप. बसमध्ये बसलो की मान पडायची. घरी आलो की पाय उचलत नसत. बायकोनं साधं काही विचारलं तरी मी तिच्यावर ओरडायचो, आणि मग जेवताना तिच्याकडे पाहवत नसे.

रक्ताचा रिपोर्ट दरवेळी वाईट येई. डॉक्टर विचारत, "रिकाम्या पोटीच घेता ना?" मी हो म्हणे. ते डोस वाढवत. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा बायको सोबत आली होती. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं. ती थोडा वेळ पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "डॉक्टरसाहेब, गोळी पोटात जात नाही तं यायच्या हातात चहा असते. बाबा बनवतेत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे इतके दिवस मी तुमच्या चहाचाच डोस वाढवत होतो!"

मला कुठे पाहावं ते कळेना. ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी शांतपणे समजावलं, की चहानं गोळी अंगी लागत नाही, सिरपनं तर आणखीच नाही. गोळी आणि सिरप यांत चार तास तरी अंतर हवं. इसबगोलही गोळीपासून लांबच घ्यायचं. गोळी लागू पडत नव्हती म्हणून पोट सुस्त होतं, आणि पोटासाठी मी जे घेत होतो ते गोळीला लागू पडू देत नव्हतं. शिवाय हा वाढवलेला डोस आता पूर्ण अंगी लागला तर छातीत धडधड होईल, म्हणून त्यांनी तो कमी केला.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "मले वाटलं, आज तुमी सोताच सांगसान. म्हणून वाट पाहून राहिली होती."

वडिलांना सांगणं राहिलंच होतं. संध्याकाळी ते खुर्चीत पायांना तेल चोळत बसले होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "बाबा, डॉक्टरनं पहाटेचा चहा बंद सांगितला. गोळीवर चालत नाही."

"आज सांगतलं?"

इथेही खोटं बोलता आलं असतं. पण बायको दारात उभी होती. "नाही. पहिल्याच दिवशी."

त्यांचा हात थांबला. "म्हंजे मी तुले बिमार पाडून राहिलो होतो, अन् तू मुकाट्यानं पेऊन राहिला होता?"

"तसं नाही, बाबा."

"मंग कसं?"

ते तेलाची वाटी घेऊन आत गेले.

दुसऱ्या पहाटे स्वयंपाकघरात अंधार होता. ते जागे होते, पण भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यानंतर त्यांनी चहा केलाच नाही. बायको सात वाजता करते तो ते मुकाट घेऊ लागले. माझा पुढचा रिपोर्ट चांगला आला. पोट बरंच वळणावर आलं, बसमध्ये मान पडेनाशी झाली. घरात सगळ्यांना बरं वाटलं. वडिलांनी रिपोर्ट हातात घेऊन पाहिला, "चांगलं झालं" म्हणाले आणि परत दिला.

मी डॉक्टरांना विचारलं, गोळी रात्री घेतली तर? ते म्हणाले, चालेल, पण जेवणानंतर तीन तासांनी, आणि ठरवलं की रोज तसंच. मग कारखान्यातून आल्याबरोबर मी जेवू लागलो. इसबगोल जेवणाआधी घेऊ लागलो, आणि झोपताना गोळी. पोट अधूनमधून कुरकुरतं, पण निभतं.

आठवडाभर नीट जमल्यावर एका पहाटे मी स्वतःच चहा टाकला. आलं पुष्कळ घातलं. दोन कप घेऊन त्यांच्या खाटेपाशी गेलो. ते उठून बसले आणि माझ्या कपाकडे पाहू लागले.

"अन् तुयी गोळी?"

"रात्री घेतली. आता रात्रीच घेतो."

"खरं सांगून राहिला?"

"खरंच, बाबा. विचारा सुनेला."

"सुनेनंच सांगतलं मले. डॉक्टरलेही तू खरंच सांगे ना?"

त्यांनी आपला कप उचलला. माझा कप माझ्या हातातून घेतला आणि खिडकीत, स्वतःच्या बाजूला ठेवला. मग फुंकर घालत चहा प्यायले. बोलले मात्र. नळाला पाणी बारीक येतं म्हणाले, बसला गर्दी असते का विचारलं. मी उत्तरं देत बसलो. निघताना मी खिडकीकडे हात नेला, तर ते म्हणाले, "राहू दे. थंडा झाला."

रोज आता असंच चालतं. चहा मी करतो, दोन कप. एक ते पितात, दुसरा खिडकीत निवतो. आदल्या रात्री गोळी घेतलेली असते, हे मी त्यांना पुन्हा सांगत नाही.